वहाण इशूची, पाय हम्मूचा

छपरावरचा बर्फ ढकलून बास्सू खाली आला, तेव्हा त्याचा चुलतभाऊ सेक्कू चुलीपाशी बसलेला होता. तो सहज म्हणून आलेला नाही, हे बास्सूच्या बायकोला, इत्तोला, त्याच्या बसण्यावरूनच कळलं होतं. एरवी सेक्कू या घरात शिरला की आधी भाकरीला हात घालायचा आणि मग ख्यालीखुशाली विचारायचा. आज भाकरी तशीच होती. पुढ्यातला शिब्याच्या कडू पाल्याचा चहासुद्धा त्याने अर्धाच प्यायला होता, आणि हिवाळ्यात ऊन चहा अर्धा ठेवणारा माणूस आयत ओझ्रू कुळाच्या या गावात शोधून सापडला नसता.

"आभाळ मोकळं झालंय," फावडं दाराशी टेकवत बास्सू म्हणाला.

"म्हणूनच आलो. उद्या उजाडताना बर्फावर कवच धरलेलं असेल. मी मेंढरं घेऊन खाली निघतोय."

"खाली कुठे?"

"आयत उलमूंकडे. मिमूनच्या कुरणात."

बास्सूने बायकोकडे पाहिलं. मिमून म्हणजे त्यांच्या लेकीचा सासरा. तूदाचं आणि मिमूनच्या झायदचं सुगीत ठरलं होतं, फातिहा वाचून झाला होता, आणि पुढच्या सुगीनंतर वरात जायची होती.

"मग बरोबरच निघू की," बास्सू हात शेकत म्हणाला. "तुझा कळप पुढे, माझा मागे. दोन घरचे गडी असले की वाटही लवकर तुडवली जाईल."

"तेच सांगायला आलोय," सेक्कू म्हणाला. "तुमची मेंढरं घेणार नाहीत ते."

इत्तोचा पेजेतला डाव थांबला. कोपऱ्यात मोहा, बास्सूचा धाकटा भाऊ, अंथरुणाची खोळ उसवून आतला पेंढा काढत होता, त्यानेही मान वर केली. घरातली सगळी अंथरुणं अशीच रिकामी होत चालली होती. नांगरट आटोपते न आटोपते तोच यंदा बर्फ सुरू झाला होता आणि त्याने उसंत म्हणून घेतली नव्हती. आधी कडबा संपला, मग उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला झाडपाला. मग गडी माणसं कमरेएवढ्या बर्फातून जाऊन जुनिपरच्या फांद्या तोडून आणू लागली, त्या मेंढरं नाइलाजाने चघळत. आता उरले होते कणगीतले जव, आणि ते मेंढरांना घातले तर वसंतात पेरायचं काय, खायचं काय, हा प्रश्न होता.

मेंढरं याच खोलीच्या खाली, गोठ्यात होती. उपाशी मेंढरू सुरुवातीला ओरडतं, मग गप्प होतं. गेले काही दिवस खालून आवाज येईनासा झाला होता, आणि हातातलं काम टाकून इत्तो मधूनच जमिनीला कान लावून बघे.

"घेणार नाहीत म्हणजे?" बास्सूने विचारलं.

"त्यांच्या पंचांनी ठरवलंय. काल घाटातून खेचरवाला वर आला, त्याने सांगितलं. खालीही यंदा गवत बेताचंच आहे. घरची जनावरं आणि ताडाभावाची जनावरं, बस्स. बाकी कळप नाक्यावरूनच परत."

"आम्ही सोयरे आहोत."

"सोयरे कुणाचे नाहीत? सोयऱ्यांना सोडलं तर अख्खा डोंगर खाली उतरेल, असं म्हणाले ते." सेक्कू क्षणभर थांबला. "आणि ताडा माझ्या घराचा आहे. तुमचा नाही. हे तुम्हीच सांगितलंय, बास्सू."

 ते खरं होतं.

ती गोष्ट घरातल्या लहान पोरांनाही तोंडपाठ होती आणि आजवर प्रत्येक लग्नात ती सांगून लोकांना हसवलं होतं. बास्सूचा बाप हम्मू तरणा होता, तेव्हा वरच्या आणि खालच्या गावाने ताडा केला, म्हणजे दुधाच्या भाऊपणाचा करार. दोन्हीकडच्या लेकुरवाळ्या बायांनी आपलं दूध एका भांड्यात घातलं, त्यात रव्याचा कुसकुस कालवला आणि दोन्ही गावच्या पुरुषांनी तो एकत्र खाल्ला. मग उजव्या पायाच्या वहाणांचे दोन ढीग झाले, एक इकडच्यांचा, एक तिकडच्यांचा. ढिगांवर झगे पांघरले आणि दोन म्हाताऱ्यांनी खाली हात घालून एकेक वहाण बाहेर काढली. ज्यांच्या वहाणा जोडीने निघाल्या ते त्या दिवसापासून भाऊ. भावाने भावाला दार बंद करायचं नाही, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि दोघांच्या पोराबाळांची सोयरीक तर होणारच नाही, कारण ती बहीणभावंडं झाली.

हम्मूची वहाण त्या दिवशी टाचेत फाटलेली होती, म्हणून तो थोरल्या भावाची, इशूची, वहाण घालून गेला. इशू वर कुरणात मेंढरांपाशी होता. वहाण निघाली ती मिमूनच्या बापाच्या वहाणेबरोबर. संध्याकाळी इशू खाली आला, तेव्हा त्याला कळलं की आपली वहाण आपल्याशिवायच जाऊन एक भाऊ करून आली आहे. दोघा भावांनी हसून हसून पोट धरलं. खालच्या भावाला दोघांनीही मानलं, आणि नेमका कुणाचा, हे ठरवण्याची गरज पुढे कितीतरी वर्षं कुणाला पडली नाही.

गरज पडली ती सुगीत, तूदासाठी. मिमूनच्या अंगणात, दोन्ही गावच्या लोकांसमोर बास्सू उभा राहिला आणि म्हणाला, ताडा वहाणेचा असतो. वहाण इशूची होती, म्हणून ताडा इशूच्या पोराचा, सेक्कूचा. आमचं घर मोकळं आहे, आमची पोर तुमच्या घरात येऊ शकते. सेक्कूने तिथेच मान डोलावली होती.

"मग आता सांगू, पाय बाबांचा होता म्हणून," मोहा पेंढा टाकून उठला. "वहाण काय, मेलेल्या बैलाचं कातडं. दुधाचा घास खाल्ला तो माणसाने. ताडा पायाचा."

"वा रे वा," सेक्कू म्हणाला. "सुगीत वहाणेचा, हिवाळ्यात पायाचा."

"माणसं मरायची वेळ आली की असंच असतं."

"अजून मेंढरंच मरतायत, मोहा. आणि माझंही ऐक. झायदच्या बहिणीला माझ्या पोरासाठी मागायचं माझ्या मनात होतं. हद्दाला ठाऊक आहे."

मोहाची बायको हद्दा जात्यापाशी बसली होती. सेक्कूची बायको तिची सख्खी बहीण, त्यामुळे दोन्ही घरांतलं सगळं तिच्या कानावर आधी यायचं. "खरं आहे," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "माझी बहीण बांगड्यासुद्धा बघून आली होती."

"ते मी सोडलं," सेक्कू म्हणाला. "तुमच्या पोरीचं व्हावं म्हणून ताडा माझ्या पदरात घेतला आणि माझ्या पोराची वाट बंद केली. आता तो परत मागता?"

बास्सू दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. इत्तोला त्याची कीव आली आणि रागही आला. हा माणूस अंगणात, लोकांसमोर, शब्द पाठ करून चांगला बोलायचा. घरात मात्र जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं.

"सरळ आहे," मोहा म्हणाला. "लग्न मोडायचं. ताडा पायाचा म्हणायचं, म्हणजे ती दोघं बहीणभावंडं झाली, विषय संपला. पोरीला दुसरा नवरा मिळेल. कळप गेला तर दुसरा मिळणार नाही."

"असं?" इत्तो म्हणाली.

"वैनी, तुम्ही चिडू नका. मी तुमच्या वाईटावर नाही."

"नाही ना? मग तुमची पोर मोठी झाली की तिचं मोडा. माझीचं नको."

"इत्तो," बास्सू म्हणाला.

"इत्तो काय? सुगीत तुम्ही शब्द दिलात. तो काय मी दिला होता?"

तिला पुढे खूप बोलायचं होतं, पण ते या लोकांना सांगून उपयोग नव्हता. ती स्वतः बदामाच्या बागांतल्या गावातून इथे आली होती. ज्या वयात आली त्या वयात तिला वाटलं होतं, बर्फ म्हणजे छपरावर पडणारं काहीतरी सुंदर असतं. या खोलीत, ही मेंढरं जिथे ऊब देत होती त्याच्या वरच्या जमिनीवर, तिची दोन लेकरं छाती भरून गेली, दोन वेगळ्या हिवाळ्यांत. वाट बंद होती, औषध नव्हतं. पुरायलासुद्धा जमीन मऊ होईपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून तिने एकच ठरवलं होतं. तूदा इथे म्हातारी होणार नाही. कुठेही जाईल, खाली जाईल. झायद चांगला पोरगा निघाला, तूदाला आवडला, हे वरचं नशीब. पण मुळात इत्तोला हवी होती ती बर्फ नसलेली जमीन.

"बाबा, तुम्ही सांगा," बास्सू शेवटी भिंतीकडे वळून म्हणाला.

हम्मू घोंगडी लपेटून भिंतीला टेकून बसला होता. त्याला ऐकू कमी येतं असं सगळे म्हणत, पण इत्तोचा त्यावर विश्वास नव्हता. त्याला हवं तेव्हा कमी ऐकू यायचं.

"घास मी खाल्ला," म्हातारा म्हणाला. "गोड होता. बायांच्या दुधाचा कुसकुस जरा गोडच लागतो. मला विचाराल तर ताडा खाणाऱ्याचा, वहाण खात नाही."

"झालं!" मोहा म्हणाला.

"झालं नाही. बस खाली." हम्मूने हात वर केला. "सुगीत मी मिमूनच्या अंगणातच बसलेलो होतो. बास्सू बोलला तेव्हा गप्प राहिलो. नातीचं तोंड बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे, वहाण तर वहाण. मी गप्प राहिलो म्हणजे माझाही शब्द गेला. आता उद्या तिथे जाऊन मी म्हणू, मिमून, आम्ही भाऊ? तो म्हणेल, पोर द्यायची होती तेव्हा तुम्ही परके, आणि गवत पाहिजे झालं तेव्हा भाऊ. दार उघडेल तो, ताडाला नाही म्हणता येत नाही. पण नंतर आयुष्यभर आपल्याला काय म्हणेल? आपण 'सकाळ झाली' म्हटलं तरी बाहेर जाऊन बघून येईल."

हद्दाला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. बास्सू मात्र मान खाली घालून बसला.

मोहा थोडा वेळ चुलीतली लाकडं उगाच पुढेमागे करत राहिला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "सेक्कू, आणखी एक मार्ग आहे. आमची मेंढरं तुझ्यात मिसळू. लोकरीवर आमची लाल खूण आहे, ती तुझ्या निळ्याने रंगवू. कोण बघतोय?"

"मिमून विचारेल, एवढी कधी झाली रे तुझी?"

"सांग, देवाने दिली."

"ताडाभावाशी मी खोटं बोलणार नाही, मोहा. दुसरं काही माग. माझं खेचर माग, माझ्या घरातले जव माग. हे मागू नकोस." आता सेक्कूचा आवाज चढला नव्हता, उलट पडला होता, आणि त्यामुळे ते शेवटचं आहे हे सगळ्यांना समजलं.

याच वेळी तूदा गोठ्यातून जिना चढून वर आली. तिच्या ओच्यात मेंढीच्या तोंडातून काढलेल्या जुनिपरच्या काड्या होत्या, हाताला लाळ आणि लीद. "दोन मेंढ्या आडव्या पडल्यात," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली. "गाभण आहेत दोघीही. उठवलं तरी उठत नाहीत."

इत्तोने लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा ताबा सुटला. "मग बसलात काय? एकच राहिलंय आता. पोरीलाच लावा उद्या कळपाच्या मागे! सुनेची मेंढरं म्हणून तरी घेतील! मेंदी नको, ढोल नको, पाहुण्यांना जेवण नको. सगळाच त्रास वाचला!"

तिला वाटलं होतं, कुणीतरी तिला गप्प करेल.  पण सेक्कूने खाली ठेवलेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

"सुनेची जनावरं म्हणजे घरची जनावरं," तो हळूच म्हणाला. "पंचांना बोलायला जागाच नाही."

"मी रागात बोलले, भावजी."

"रागात बोललात, पण खोटं नाही बोललात. फातिहा झालाय. बायको तर ती झालीच आहे, राहिली आहे ती वरात. आणि पोरीने बरोबर आणलेलं पोरीचंच राहतं, ते तर आपल्याकडे सगळेच मानतात."

बास्सूच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. मोहा तर उभाच राहिला. "बघा! वैनींच्या डोक्यात आलं ते आपल्या कुणाच्या आलं नाही. तूदाची म्हणून पाठवायची, आणि वसंतात वाट मोकळी झाली की—"

"थांब," सेक्कू म्हणाला. "वसंताचं आधी ठरव. मी तुमच्याबरोबर असणार. मिमून मला बाजूला घेणार आणि विचारणार, सेक्कू, खरंच दिली का पोरीला? मी काय सांगू?"

"हो म्हण."

"दिली असतील तर म्हणेन."

आता मोहाला ते नीट समजलं. 

"अख्खा कळप? पोरीला?" मोहा म्हणाला. "आपल्यात पोरीला मुठीएवढी जमीन मिळत नाही. बाबा, तुमच्या बहिणींना काय मिळालं होतं?"

"एक चटई," हम्मू म्हणाला.

"वैनी, तुमच्या नावावर काय आहे या घरात?"

"काही नाही," इत्तो म्हणाली. तिने एवढ्या वर्षांत हा हिशेब कधी केला नव्हता. लोकर ती कातायची, दूध ती काढायची, कोकरं तिच्या मांडीवर जगायची, आणि खरंच तिचं काही नव्हतं. तिला याचं वाईट वाटलं, आणि इतक्या उशिरा वाटलं याचं जास्त.

"त्या कळपात निम्मा वाटा माझा आहे," मोहा म्हणाला. "माझी पोरं काय खातील?"

तेव्हा हद्दा जात्यापासून उठली. इतका वेळ ती बहिणीच्या घराच्या बाजूने होती की नवऱ्याच्या, हे कळत नव्हतं. ती येऊन इत्तोच्या शेजारी उभी राहिली. "तुमच्या वाट्यातली दोन खाली आडवी पडलीत," ती नवऱ्याला म्हणाली. "आणखी आठ दिवसांनी तुमचा वाटा सोलून वाळत घालावा लागेल. जिवंत मेंढरं पुतणीची असली तर तिच्याकडे मागता तरी येतील. मेलेली मागून काय करू?"

"मागायचं? पोरीकडे?"

"का? मी नाही रोज तुमच्याकडे मागत?"

हम्मू हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

"मला कुणी विचारणार आहे का?" तूदा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून तशीच जिन्यापाशी उभी होती, ओचा धरून. एकोणीस वर्षांची पोर. इत्तोला वाटलं, आपल्याला तिला या दारातून लाल ओढणीत, खेचरावर बसवून पाठवायचं होतं, आणि आपणच आपल्या तोंडाने हे काय करून बसलो.

"विचारतो की," बास्सू म्हणाला. "जाशील?"

"जाईन. तसं नाही विचारत मी. बा, दिली म्हणजे दिली ना?"

"दिली म्हणजे दिली."

"वसंतात ती कुणाची?"

"तुझी."

"मग आत्ता माझ्याकडून वसंताचं वचन घेऊ नका. मी परत आणीन, पाठवीन, वाटून देईन, काय करीन ते माझं मी ठरवीन. आत्ता कबूल करून घेतलंत, तर सेक्कूकाकांना तिथे खोटं बोलावं लागेल."

मोहा काहीतरी म्हणणार होता, पण सेक्कूच आधी बोलला. "पोरीने गाठ बरोबर जागी मारली," तो म्हणाला आणि अखेर भाकरीला हात घातला.

संध्याकाळभर घर कामाला लागलं. बायांनी चुली उकरून राख टोपल्यांत भरली, कारण उतारावर राख टाकल्याशिवाय मेंढरू त्या गुळगुळीत बर्फावर पाय ठेवत नाही. मोहाने खेचरांच्या खुरांना गोणपाट बांधलं. तो कुणाशी बोलत नव्हता, पण गाठी मात्र पक्क्या मारत होता. कणगीतले जव उघडून बास्सूने प्रत्येक मेंढीला एकेक ओंजळ घातली, वाटेपुरती ताकद यावी म्हणून. आडव्या पडलेल्या दोघींपैकी एक उठली. दुसरीला सुरी लावावी लागली.

इत्तो मागासमोर बसली. तूदाच्या लग्नाची पट्ट्यांची शाल मागावर होती, अर्ध्याहून थोडी जास्त झालेली. पुढची सुगी येईपर्यंत वेळ आहे म्हणून ती सावकाश विणत होती. आता तिने कात्री घेतली आणि ताणा कापायला सुरुवात केली.

"इम्मा, राहू दे ना," तूदा म्हणाली.

"राहू देऊन कुणाच्या अंगावर घालू?"

तूदा शेजारी बसली आणि सुटलेल्या धाग्यांच्या गाठी मारू लागली. दोघींचे हात बराच वेळ चालत राहिले.

"मी ते बोलायला नको होतं," इत्तो म्हणाली.

"तू बोलली नसतीस तर लग्न मोडलं असतं. काका मोडायलाच बसले होते."

"अशी वरात नव्हती बघितली मी डोळ्यांसमोर."

"मीही नाही." तूदाला एकदम हसू आलं. "झायदला काही माहीतच नाही, इम्मा. तो सकाळी डोळे चोळत बाहेर येईल आणि दारात मी. मागे कळप. अंगाला एडक्याचा वास."

"तोंड धू दारात जायच्या आधी. ओढा लागेल."

"त्याने दार लावून घेतलं तर?"

"लावून घेईल कसा? मी पाहिलंय तो तुझ्याकडे कसा बघतो ते." इत्तोने गाठ दाताने ओढली. मग ती रडली. लेकीनेही तिला थांबवलं नाही. खाली गोठ्यात बऱ्याच दिवसांनी मेंढरं ओरडत होती, पोटात दाणा गेल्यामुळे.

उजाडताना बर्फ टणक झालेला होता आणि थंडीने नाकातला श्वास टोचत होता. सेक्कूचा कळप आधीच गल्लीच्या टोकाला उभा होता. शेजारपाजारचे लोक छपरांवरून बघत होते. गुपचूप दिलेलं देणं नसतं, म्हणून सेक्कूनेच त्यांना हाका मारल्या होत्या. गोठ्याचं दार उघडलं आणि मेंढरं बाहेर आली. उजेडाला बिचकून ती एकमेकींच्या अंगावर चढू लागली. त्यांची हाडं लोकरीतूनही कळत होती.

बास्सूने पुढच्या एडक्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐका सगळे," तो म्हणाला, आणि अंगणात बोलायचा त्याचा तो मोठा आवाज आज फुटला. "हा कळप मी माझ्या लेकीला, तूदाला दिला. तिच्या सासरी तिचा म्हणून जावा. माझा त्यावर हक्क नाही."

मग सगळ्यांनी मोहाकडे पाहिलं. मोहा हातमोज्यावरचा बर्फ झटकत राहिला. इत्तोला वाटलं, आता हा नाही म्हणतो. हद्दा त्याच्या मागे उभी होती. 

"माझाही वाटा दिला," मोहा म्हणाला. "नाही हक्क माझा." शब्द दातांतून आले, पण छपरांवरच्यांना ऐकू गेले. सेक्कूने मान डोलावली.

हम्मूला दोघांनी धरून दारात आणून बसवलं होतं. तूदा त्याच्या पाया पडली, बापाच्या खांद्याला डोकं टेकवलं. बास्सूच्या ओठांवर काहीतरी आलेलं इत्तोला स्पष्ट दिसलं. वसंतात, एवढा एक शब्द. त्याने तो मागे घेतला आणि लेकीच्या कपाळावर हात फिरवला. नवऱ्याबद्दल इतकी माया इत्तोला फार वर्षांनी वाटली.

खेचरं पुढे निघाली, त्यांच्यामागे राखेच्या टोपल्या घेतलेले गडी. तूदाने काठी घेतली, अर्धी शाल अंगाभोवती आवळली, आणि मग कळपाच्या पुढे जाण्याऐवजी ती कळपात शिरली. लोक बघू लागले. ती मेंढ्यांच्या पाठी चाचपत, एकेकीचं तोंड वर करून बघत चालली होती. शेवटी तिने एकीला धरलं, दोरी घातली आणि ओढत इत्तोसमोर आणून उभं केलं.

"ही तुझी, इम्मा," ती म्हणाली. "मी दिली."

मेंढी तरणी होती, गाभण होती, कळपातल्या चांगल्यांतली एक. तूदाने दोरी आईच्या हातात ठेवली, तिची बोटं त्यावर मिटवली आणि वळून धावली, कारण कळप उताराला लागला होता. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींनाही जड गेलं असतं.

लोक छपरांवरून उतरले. शेवटची मेंढी वळणाआड जाईपर्यंत इत्तो उभी होती. मोहा तिच्याजवळ आला आणि सवयीने दोरीला हात घातला.

"आणा, वैनी. गोठ्यात बांधतो. एक तरी राहिली घरची."

इत्तोने दोरी सोडली नाही.

"घरची नाही, भावजी," ती म्हणाली. "माझी आहे."

मोहा तिच्याकडे बघत राहिला. त्याने मग भावाकडे पाहिलं. बास्सू म्हाताऱ्याला आत नेण्यात गुंतल्यासारखा करत होता. हद्दाने पुढे होऊन मेंढीच्या अंगावरचा बर्फ झाडला.

दुपारी भाकऱ्या वाटल्या गेल्या. इत्तोने आपल्या वाटणीची मोडली आणि अर्धी घेऊन ती गोठ्यात उतरली. भाकरी वाया घालवतेस का, असं त्या दिवशी तिला घरात कुणीही विचारलं नाही.